स्कोअरशीटवरून डाव लावताना मध्येच खेळी जुळेनाशी झाली तर

स्पर्धेहून परतल्यावर स्कोअरशीट (खेळताना एकेक खेळी ज्यावर लिहितात तो कागद) समोर ठेवून डाव लावायला घ्यावा, दहा-बारा खेळ्या सुरळीत जाव्यात आणि मग एकाएकी अशी खेळी वाचावी लागावी की ती खेळू शकणारा मोहराच पटावर नाही, ही अडचण पुण्यात ज्या ज्या घरी कोणी बुद्धिबळ शिकत आहे त्या बहुतेक घरांत पुन्हा पुन्हा येते. अशा वेळी साधारणपणे दोन गोष्टी घडतात. एक तर जवळपासची कोणतीतरी शक्य खेळी ‘हीच असणार’ म्हणून दामटून पुढे जायचे, किंवा कागद बाजूला सारून ‘जाऊ दे, नोटेशनच चुकले आहे’ असे म्हणायचे. पहिल्या मार्गाने आपण न खेळलेल्या डावाचा अभ्यास करतो आणि दुसऱ्याने खेळलेल्या डावाचा अभ्यासच करत नाही. वास्तविक चुकीची नोंद बहुतेक वेळा दुरुस्त करता येते, मात्र त्यासाठी एक गोष्ट आधी मान्य करावी लागते: डाव जिथे अडतो तिथे चूक क्वचितच असते. ती आधी कुठेतरी होऊन गेलेली असते आणि मधल्या सगळ्या खेळ्या केवळ नियमात बसल्या म्हणून तिला कोणी अडवलेले नसते.

नोंदीवर संशय घेण्यापूर्वी तो स्वतःच्या पटावर घ्यावा. पांढऱ्याच्या उजव्या हाताचे कोपऱ्यातले घर पांढरे आहे ना, वजीर आपापल्या रंगाच्या घरात आहेत ना, किल्लेकोट करताना राजाबरोबर हत्तीही हलवला ना, आणि एन पासाँने (दोन घरे पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने तिरपे जाऊन मारण्याच्या नियमाने) प्यादे मारल्यावर मारलेले प्यादे पटावरून उचलले ना, एवढे पाहायला अर्धे मिनिट पुरते. शेवटची चूक लाकडी पटावर विशेष होते, कारण मारणारे प्यादे ज्या घरात जाते तिथे मारलेले प्यादे नसतेच आणि हात ते उचलायला विसरतो. मोबाइलवर डाव भरत असाल तर यातले बहुतेक धोके उरत नाहीत.

पट निर्दोष असेल तर पुढची पायरी म्हणजे मागे जाणे. किती मागे जायचे आणि काय शोधायचे हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. आमच्या सोसायटीतली सातवीतली एक मुलगी रविवारी संध्याकाळी आपल्या डावाची कार्बन प्रत घेऊन आली. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेला इटालियन ओपनिंगचा डाव होता आणि कागदावरची नोंद अशी होती: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ ४. सी३ घोडा एफ६ ५. डी३ डी६ ६. किल्लेकोट किल्लेकोट ७. घोडा डी२ ए६ ८. उंट बी३ उंट ए७ ९. एच३ एच६ १०. हत्ती ई१ हत्ती ई८ ११. घोडा एफ१ उंट ई६ १२. उंट सी२ डी५ १३. घोडा जी३ वजीर डी७ १४. घोडा एच४. तेरा खेळ्या तिने पटावर बिनबोभाट लावल्या होत्या.

“काका, एच४वर जायला घोडाच नाहीये. मी जी४ लिहायचं होतं का?”

“जी४वर तरी कोणता घोडा जाईल? आणि बी१वर कोण बसलंय, ते बघ आधी.”

बी१वर पांढरा घोडा होता, डावाच्या आरंभापासून तिथेच. चौदाव्या खेळीपर्यंत ज्या बाजूने आपले बहुतेक मोहरे बाहेर काढले आहेत तिचा एक घोडा घरीच बसलेला दिसावा आणि एफ३वर मात्र कोणी नसावे, हे चित्र पाहिले की चूक कुठे आहे ते जवळजवळ कळतेच. सातव्या खेळीला डी२वर दोन्ही घोडे जाऊ शकत होते, एक बी१वरचा आणि एक एफ३वरचा. नियमाप्रमाणे तिथे कोणत्या पट्टीवरचा (ए ते एच या उभ्या ओळींपैकी कोणत्या ओळीतला) घोडा हे दाखवायला ‘बी’ हे अक्षर मध्ये लिहायला हवे होते. ते लिहिले गेले नाही आणि डाव लावताना तिने एफ३वरचा घोडा उचलला. त्यानंतर एफ१, जी३ या खेळ्या त्या चुकीच्या घोड्यानेही नियमात खेळता येतात, म्हणून सात खेळ्या कुठेच खटका बसला नाही. एच४ची खेळी आली तेव्हा मात्र एफ३वर जो असायला हवा होता तो घोडा एव्हाना जी३वर पोहोचला होता.

या डावात आणखी एक साक्षीदार होता आणि तो अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. नवव्या खेळीतले एच३ पाहा. या प्रकारच्या स्थितीत ही खेळी सहसा काळ्याच्या उंटाने जी४वर येऊन एफ३वरचा घोडा जखडू नये म्हणून खेळतात. तिथे घोडा नसेल तर या खेळीचे प्रयोजनच डळमळते. शिवाय बी१, डी२, एफ१, जी३ हा घोड्याचा प्रवास इटालियनमध्ये आणि रुय लोपेझ या ओपनिंगमध्ये इतका रुळलेला आहे की डी२ आणि एफ१ ही दोन घरे एका पाठोपाठ वाचल्यावर पहिला तर्क त्याच वाटेचा करावा. म्हणजे नोंद दुरुस्त करताना केवळ ‘ही खेळी शक्य आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘खेळणाऱ्याला ही खेळी कशासाठी हवी होती’ हेही विचारावे लागते. हा प्रश्न विचारताना डावाचा अर्धा अभ्यास आपोआप होतो.

घोड्यांइतकाच, किंबहुना जास्त, घोळ हत्तींच्या बाबतीत होतो. ए१ आणि एफ१ या दोन्ही घरांत हत्ती आहेत, मधली घरे मोकळी झाली आहेत आणि कागदावर नुसते ‘हत्ती डी१’ लिहिले आहे, ही नोंद मुलांच्या कागदांत सर्रास सापडते. इथे चुकीचा हत्ती उचलला तर डाव वीस-वीस खेळ्या अडत नाही, कारण मागे राहिलेला हत्ती बराच वेळ हलतच नाही. मग कधीतरी राजा एफ१वर जायला निघतो आणि तिथे आपलाच हत्ती उभा असतो. म्हणून अडलेल्या ठिकाणापासून मागे जाताना पहिली नजर अशा खेळ्यांवर टाकावी, जिथे एकाच प्रकारचे दोन मोहरे त्याच घरात जाऊ शकत होते. डाव भरण्याची काही सॉफ्टवेअरे अशा अपुऱ्या खेळीवर अडतात, काही आपल्या मनाने एक मोहरा निवडतात आणि पुढे जातात. दुसऱ्या प्रकारची अधिक सोयीची वाटतात, पण घातक तीच. एक बारकावा असा की दोनपैकी एक घोडा किंवा हत्ती जखडलेला असेल आणि तो हलवल्यास स्वतःच्याच राजाला शह बसत असेल, तर पीजीएन मांडणीत (डाव संगणकावर साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) वेगळे अक्षर लिहीत नाहीत, कारण नियमात बसणारी खेळी एकच उरते.

घर चुकीचे लिहिले जाणे हा दुसरा मोठा प्रकार. पटावरची शेजारशेजारची घरे, आडवी असोत वा उभी, नेहमी विरुद्ध रंगांची असतात. उंट आपला रंग कधीच सोडत नाही आणि घोडा दर उडीला रंग बदलतो. त्यामुळे घर एकाने इकडेतिकडे लिहिले गेले तर तो उंट किंवा तो घोडा त्या चुकीच्या घरात जाऊच शकत नाही आणि दुसऱ्या उंटाला किंवा घोड्याला ते घर योगायोगाने मोकळे नसेल तर डाव तिथल्या तिथे अडतो. अशी चूक उघड्यावरची असते, तिला शोधावे लागत नाही. दगा देतात ते हत्ती, वजीर आणि आपल्या मूळ घरातून पहिल्यांदा हलणारी प्यादी. हत्ती ई१ऐवजी डी१ लिहिला, वजीर ई२ऐवजी ई३ लिहिला, एच७वरचे प्यादे एच६ऐवजी एच५वर लिहिले, तर दोन्ही खेळ्या बहुधा नियमात बसतात आणि चूक मुकाट्याने पुढे जाते. पटाचा हा साधा गुणधर्म ध्यानात ठेवला तर मागे जाताना प्रत्येक खेळी सारख्याच संशयाने तपासावी लागत नाही. उंट आणि घोडे वगळून थेट हत्ती, वजीर आणि प्याद्यांच्या पहिल्या खेळ्या पाहाव्यात. एच६ की एच५ असा प्रश्न असेल तर त्या प्याद्याची पुढची नोंद काय आहे ते पाहावे. पुढे एच५ लिहिलेले आढळले तर आधी एच६ झाले होते हे उघड आहे, आणि एच४ लिहिलेले असेल तर प्यादे आधीच एच५वर होते.

आता हस्ताक्षराविषयी. इंग्रजी सी आणि ई, ए आणि डी, एक आणि सात यांची गफलत जगभर होते, पण मराठी घरातल्या मुलांच्या कागदांवर एक जास्तीचा प्रकार दिसतो. सवयीने आकडे देवनागरीत येतात आणि पट्टीचे अक्षर मात्र इंग्रजीत राहते. आपला ४ घाईत लिहिला की इंग्रजी आठासारखा दिसतो, आपला १ इंग्रजी नवासारखा आणि आपला ७ उलट्या सहासारखा. नववी रांग पटावर नसल्यामुळे १ची गफलत लगेच उमगते. ४ची मात्र हत्ती आणि वजिराच्या खेळ्यांत दडून राहते, कारण ई-पट्टी मोकळी असेल तर हत्ती ई४वरही जातो आणि ई८वरही. ज्या कागदावर एकही देवनागरी आकडा दिसला त्या कागदावरचा प्रत्येक आठ पुन्हा एकदा पाहावा, असा माझा आग्रह आहे. मुलांना एकच पद्धत पाळायला सांगणे हा कायमचा उपाय झाला. कोणती पाळावी याविषयी मी आग्रही नाही, पण पंचांना वाचता यावी म्हणून स्पर्धेत इंग्रजी आकडे बरे.

अक्षरांत सर्वांत त्रासदायक दोन. घोड्याच्या इंग्रजी नावाचे स्पेलिंग ‘के’ने सुरू होते, म्हणून नवशिकी मुले घोड्यासाठी ‘के’ लिहितात, जे अक्षर राजाचे आहे. घोड्याचे अक्षर ‘एन’. दुसऱ्या खेळीला ‘के एफ३’ वाचले तर कोणीही समजून घेते, कारण राजा तिथे पोहोचूच शकत नाही. पण वर दिलेल्या डावाची अकरावी खेळी ‘के एफ१’ अशी लिहिलेली असती तर? हत्ती ई१वर गेल्यामुळे एफ१ मोकळे आहे, जी१वरचा राजा तिथे जाऊ शकतो आणि डी२वरचा घोडाही. दोन खेळ्यांनंतर ‘जी३’ वाचून उत्तर सापडते, पण तोपर्यंत दोन्ही शक्यता हाताशी ठेवाव्या लागतात.

दुसरे अक्षर ‘बी’. मोठा बी म्हणजे उंट आणि लहान बी म्हणजे बी-पट्टीवरचे प्यादे. छापील मजकुरात फरक स्पष्ट असतो, पेनाने लिहिताना तो उरेलच असे नाही. १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ उंट बी४ ४. उंट डी२ उंटाने सी३वरचा घोडा मारला, आणि पाचव्या खेळीला पांढऱ्याने लिहिले आहे ‘बी, फुली, सी३’. डी२वरचा उंटही सी३वर मारू शकतो आणि बी२वरचे प्यादेही. दोन्ही खेळ्या चांगल्या आहेत आणि पुढचा डाव दोन्हींमध्ये अगदी वेगळ्या स्वरूपाचा होतो. अशा वेळी पुढच्या खेळ्या चाळून दोनच गोष्टी शोधाव्यात. पांढऱ्याने पुढे कधी प्यादे बी४वर नेले असेल तर प्यादे बी-पट्टीवरच होते, म्हणजे उंटाने मारले. लगेच नंतर उंट जी५वर गेलेला दिसला तर तो डी२वरूनच जाऊ शकतो, सी३वरून नाही, म्हणजे प्याद्याने मारले.

काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्यांच्या कागदात एक स्वतंत्र दोष आढळतो. काळ्याच्या बाजूने पाहिले की एच-पट्टी डावीकडे येते आणि पहिली रांग पलीकडे जाते, आणि कडेला अक्षरे-आकडे नसलेला पट असेल तर मूल आपल्या बाजूपासून मोजते. अशी पूर्ण उलटी नोंद ओळखायला सोपी, कारण उलटे घर काढण्याचा नियम ठरलेला आहे: ए आणि एच, बी आणि जी, सी आणि एफ, डी आणि ई या जोड्या एकमेकींच्या जागी घालाव्यात आणि रांगेचा आकडा नऊमधून वजा करावा. काळ्याने ‘उंट एफ४’ लिहिले आणि ते शक्य नसेल तर सी५ करून पाहावे. इथे उंटाच्या रंगाची कसोटी उपयोगी पडत नाही, कारण अशा फिरवण्याने घराचा रंग बदलत नाही. पण मुलाने रांग बरोबर मोजली आणि केवळ पट्टी उलटी घेतली, म्हणजे सी५ऐवजी एफ५ लिहिले, तर रंग बदलतो आणि उंट लगेच पकडला जातो.

नोंद गळणे हा तिसरा प्रकार, आणि तो बहुतेक वेळा वेळेच्या तंगीत घडतो. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांप्रमाणे खेळाडूच्या घड्याळात पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असेल आणि दर खेळीला तीस सेकंद किंवा त्याहून जास्त वाढीव वेळ मिळत नसेल, तर त्याला नोंद करण्याचे बंधन राहत नाही. तीस सेकंदांची वाढ असेल तर शेवटपर्यंत लिहावेच लागते. जलद स्पर्धांत तर नोंद सक्तीची नसतेच, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी होणाऱ्या एक दिवसाच्या स्पर्धांचे डाव पुष्कळदा अर्धेच हाती लागतात. प्रतिस्पर्ध्याची खेळी न लिहिता आधी उत्तर खेळण्याची मुभा आहे, मात्र आपली पुढची खेळी करण्यापूर्वी मागचे लिहून झाले पाहिजे. या मुभेतच गळतीचे मूळ आहे. मोहऱ्यांची मारामारी चालू असते, उत्तरे झटपट येतात, आणि एक जोडी कागदावर उतरतच नाही.

गळती ओळखण्याची खूण सोपी आहे. अडलेल्या खेळीतला मोहरा त्या घरात एका खेळीत पोहोचत नसेल पण दोन खेळ्यांत पोहोचत असेल, तर मध्ये एक जोडी गळली असण्याची दाट शक्यता असते. मग दुसऱ्या बाजूचीही एक खेळी गळलेली असणार, ती शोधावी; ती बहुधा एखादे परत मारणे किंवा शहातून निघणे असते. एकाच बाजूची एक खेळी गळली असेल तर चित्र निराळे दिसते. त्या जागेपासून पांढऱ्याच्या रकान्यात काळ्याच्या खेळ्या आणि काळ्याच्या रकान्यात पांढऱ्याच्या खेळ्या येऊ लागतात, आणि दोन-तीन ओळी वाचल्या की रकाने सरकले आहेत हे कळते.

कधी काहीच गळलेले नसते, फक्त क्रम उलटा झालेला असतो. हे नामवंत डावांतही घडले आहे. १८५१ साली लंडनमध्ये अँडरसन आणि कीझरित्स्की यांच्यात झालेल्या ‘अमर डावा’च्या वेगवेगळ्या नोंदींत काळ्याने आधी जी१वरचा हत्ती मारला की ए१वरचा, याविषयी एकवाक्यता नाही. दोन्ही क्रमांनी अखेरीस स्थिती तीच येते, त्यामुळे पुढची मात तशीच राहते. आपल्या कागदावर अशी शंका आली तर दोन्ही क्रम लावून पाहावेत आणि एका क्रमात मधल्या शहाला उत्तर दिलेले नसेल तर तो क्रम सोडून द्यावा.

शह आणि मारणे यांच्या खुणा इथे फार उपयोगी पडतात. मारण्याची फुली, शहाची अधिक खूण आणि मात दाखवणारी खूण नियमावलीत ऐच्छिक आहेत, म्हणून कंटाळा करणारी मुले त्या गाळतात. पण ज्याने त्या लिहिल्या आहेत त्याच्या कागदावर त्या पक्क्या साक्षीदार ठरतात. फुली आहे आणि त्या घरात मारण्यासारखे काहीच नाही, किंवा अधिक खूण आहे आणि शह बसत नाही, तर डाव अजून अडला नसला तरी नोंद आधीच घसरली आहे असे समजून तिथूनच मागे वळावे. मुलांना खुणा लिहायची सवय लावण्याचे सर्वांत व्यवहारी कारण हेच आहे. प्रत्येक दहाव्या खेळीपाशी घड्याळातला उरलेला वेळ लिहिण्याचीही नियमाने मुभा आहे. वेळ कुठे संपला हे कळले की गळती कुठे शोधायची हेही कळते.

दुरुस्ती करताना एक शिस्त पाळावी. मूळ कागदावर खाडाखोड करू नये. दुसऱ्या कागदावर किंवा मोबाइलवरच्या प्रतीवर काम करावे. कमीत कमी बदल करून जास्तीत जास्त पुढचा डाव सुटतो ती दुरुस्ती स्वीकारावी. एक अक्षर बदलून उरलेला सबंध डाव शेवटपर्यंत जुळत असेल तर ती दुरुस्ती जवळजवळ निश्चित मानायला हरकत नाही. एक बदल केल्यावर चार खेळ्यांनी पुन्हा अडले, मग दुसरा बदल, मग तिसरा, असे होऊ लागले तर पहिलाच बदल चुकीचा आहे असे समजून परत फिरावे. तर्क शिल्लक राहिले की इंजिनाला, म्हणजे खेळ्या सुचवणाऱ्या संगणक-प्रोग्रामला, विचारण्याचा मोह होतो आणि तिथेच बरेच जण फसतात. स्टॉकफिशसारखे इंजिन उत्तम खेळी सांगेल, पण प्रश्न उत्तम खेळीचा नसून कोथरूडच्या एका सभागृहात दहा वर्षांच्या मुलाने खरोखर कोणती खेळी केली याचा आहे, आणि त्या दोन्हींचा संबंध असेलच असे नाही. इंजिनाचा उपयोग उलट्या दिशेने करावा. त्याने एखाद्या खेळीवर दोन्ही बाजूंना एकदम मोठी घोडचूक दाखवली, फुकट मिळणारा हत्ती सलग तीन खेळ्या कोणीच मारला नाही असे दिसले, तर खेळाडूंना दोष देण्यापूर्वी नोंदीवर संशय घ्यावा. बऱ्याचदा तो हत्ती तिथे नव्हताच.

सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा कागद. दोघे एकाच ठिकाणी एकच चूक करतील अशी शक्यता फार कमी असते. डाव संपल्यावर दोघांनी दोन्ही कागदांवर निकाल लिहून सह्या करायच्या असतात, आणि नियमाने हे कागद आयोजकांचे असतात, त्यामुळे नोंद फारच बिघडली असेल तर पंचांना विनंती करून दुसरा कागद पाहता येतो का ते त्याच दिवशी विचारावे. खेळण्याच्या जागी मोबाइल नेण्याची परवानगी नसते, म्हणून फोटोचा बेत हॉलमध्ये करू नये, बाहेर आल्यावर प्रतिस्पर्धी मुलाच्या आईवडिलांना “तुमच्या मुलाच्या कार्बन प्रतीचा फोटो काढू का?” असे विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. आपली प्रत फिकट उमटली असेल तर ती खिडकीशी तिरपी धरावी, पेनाचा दाब दिसतो.

दुसऱ्यांचे डाव लावतानाही हीच अडचण येते, पण तिची कारणे वेगळी असतात आणि ती एकदा माहीत झाली की फार वेळ जात नाही. पुण्यात एप्रिल २०२५मध्ये महिला ग्रांप्री झाली आणि कोनेरू हंपीने ती जिंकली, तेव्हा इथल्या मुलांनी अशा थेट प्रक्षेपणाचे डाव हौसेने उतरवून घेतले. मोहरे ओळखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पटांवर डाव संपल्यावर निकाल कळवण्यासाठी दोन्ही राजे पटाच्या मध्यभागी ठेवतात: पांढरा जिंकला तर ई४ आणि डी५ या पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर डी४ आणि ई५ या काळ्या घरांत, आणि बरोबरी असेल तर एक पांढऱ्या व एक काळ्या घरात. ही हालचाल काही वेळा खेळी म्हणून नोंदीत शिरते. शेवटची खेळी राजाची असेल, मध्यावरच्या घरात असेल आणि तिला काही अर्थ नसेल, तर ती खोडून टाकावी. खेळाडू त्याच पटावर डावाची चर्चा करू लागले तर त्या खेळ्याही कधी मागे चिकटतात.

फाइल उघडतच नसेल तर किल्लेकोट तपासावा. फिडेच्या नियमावलीत तो शून्याने लिहितात आणि पीजीएनमध्ये इंग्रजी मोठ्या ओ अक्षराने, आणि काही सॉफ्टवेअरे यातले एकच स्वीकारतात. परभाषेतल्या नोंदीत अक्षरे फसवतात: फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये ‘आर’ म्हणजे राजा, हत्ती नव्हे, आणि जर्मनमध्ये घोडा ‘एस’, उंट ‘एल’, हत्ती ‘टी’. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘पी-के४’ अशी वर्णनात्मक पद्धत असते, जिला फिडेने १९८१मध्ये मान्यता देणे थांबवले. त्या पद्धतीत प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूने रांगा मोजतो, म्हणून तीच नोंद पांढऱ्यासाठी ई४ आणि काळ्यासाठी ई५ ठरते.

इतके करूनही काही डाव सुटत नाहीत. अशा वेळी शेवटच्या स्थितीवरून उलटे यावे. मुलाला शेवटचे चित्र सहसा चांगले आठवते, विशेषतः हरलेल्या डावाचे. ते पटावर मांडून घ्यावे, मोजून दोन्ही बाजूंची किती प्यादी आणि कोणते मोहरे मारले गेले ते लिहावे, आणि कागदावरच्या शेवटच्या खेळ्या उलट्या क्रमाने एकेक करून परत घ्याव्यात. दोन्हीकडून आलेली टोके जिथे भेटत नाहीत तेवढाच तुकडा संशयाचा राहतो. तो लिचेस या संकेतस्थळावरच्या स्टडीत (डाव साठवण्याच्या जागेत) किंवा वहीत ‘१८ ते २१ अनिश्चित’ असा स्पष्ट लिहावा, शक्य असलेले दोन्ही पर्याय उपशाखा म्हणून ठेवावेत आणि सतराव्या खेळीपर्यंतचा व बावीसाव्या खेळीपासूनचा डाव स्वतंत्रपणे तपासावा. पुढच्या स्पर्धेला निघताना मुलाला एवढेच सांगावे की डाव संपल्यावर सही करण्यापूर्वी, पट आवरण्याच्या आधी, शेवटची स्थिती आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीच्या मागे अक्षर-आकड्यांत लिहून घे.